तुर्कस्तानचं परराष्ट्र धोरण: लहर की हिशोब?

कृष्णाकाठ

ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला. त्यानंतर आपल्याकडे त्या देशाबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात दोनच सूर असतात. राष्ट्राध्यक्ष एर्दोगानना खलिफा व्हायचंय, नाहीतर हा माणूस लहरी आहे, आज इकडे तर उद्या तिकडे. राग मलाही आहे. पण गेल्या दहा वर्षांतले त्यांचे निर्णय एकापुढे एक मांडून बघितले तर लहर फारशी दिसत नाही. ज्याला आपली गरज आहे त्याच्याकडून त्या गरजेची पुरेपूर किंमत वसूल करायची, हे सूत्र मात्र सगळीकडे दिसतं. आणि हल्ली पाश्चात्त्य देश ही किंमत कशाने चुकती करतायत, त्याबद्दल मला मुख्यतः लिहायचंय.

सुरुवात रशियापासून करतो. २४ नोव्हेंबर २०१५ ला तुर्की एफ-१६ ने सीरियाच्या सीमेवर रशियाचं सुखोई-२४ पाडलं. पुतिननी तुर्की टोमॅटोवर बंदी घातली, अंताल्याला जाणारे रशियन पर्यटक थांबवले. जून २०१६ मध्ये एर्दोगानचं दिलगिरीचं पत्र मॉस्कोला गेलं. पाठोपाठ १५ जुलैला तुर्कस्तानात लष्करी उठाव झाला आणि फसला. त्या दिवसांत पाश्चात्त्य राजधान्या जपून बोलत होत्या, पुतिननी मात्र लगेच फोन केला. पुढच्या वर्षी एस-४०० या रशियन हवाई संरक्षण यंत्रणेचा करार झाला. जुलै २०१९ मध्ये पहिली खेप अंकाराजवळच्या मुर्तेद तळावर उतरली आणि अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-३५ या लढाऊ विमानाच्या प्रकल्पातून बाहेर काढलं.

म्हणजे तुर्कस्तान रशियाच्या गोटात गेला का? फेब्रुवारी २०२० मध्ये सीरियातल्या इदलिबमध्ये एका हवाई हल्ल्यात तिसाहून जास्त तुर्की सैनिक मेले, आणि तिथलं आकाश रशिया आणि तेव्हाचे सीरियन राष्ट्राध्यक्ष असद यांच्या ताब्यात होतं. लिबियात दोघं समोरासमोर. त्याच वर्षी काराबाखच्या ४४ दिवसांच्या लढाईत तुर्की ड्रोनच्या जोरावर अझरबैजानने आर्मेनियाला हरवलं, आणि आर्मेनिया तर रशियाचा करारबद्ध मित्र. युक्रेनला बायरक्तार टीबी-२ ड्रोन विकणाराही तुर्कस्तानच. आणि हे सगळं चालू असताना मेर्सिनजवळ अक्कुयूला ४८०० मेगावॉटचा अणुवीज प्रकल्प रशियाची रोसातोम बांधते आहे, काळ्या समुद्राखालून रशियन गॅस येतो आहे, आणि रशियावरच्या पाश्चात्त्य निर्बंधांत तुर्कस्तान आजही सामील नाही.

यातला सगळ्यात मोठा हुकमाचा पत्ता म्हणजे सामुद्रधुनी. १९३६ च्या मॉन्ट्रो करारानुसार बॉस्फरस आणि दार्दानेल्समधून व्यापारी जहाजांना मोकळी वाट आहे, पण युद्धकाळात लढणाऱ्या देशांच्या युद्धनौका अडवायचा अधिकार तुर्कस्तानला आहे. युक्रेन युद्ध सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा अंकाराने तो वापरला. शिवाय बाकी सगळ्यांनाही सांगितलं की तुमच्या युद्धनौकाही पाठवू नका. एप्रिलमध्ये मॉस्क्वा ही युद्धनौका बुडाली तेव्हा रशियाला तिच्या जागी भूमध्य समुद्रातून दुसरी आणता आली नाही. आणि नाटोची जहाजंही काळ्या समुद्रात शिरली नाहीत, हे रशियाच्या सोयीचं. एका निर्णयाने दोघंही अडले आणि दोघांचंही थोडंथोडं भलं झालं. मला हा त्यांचा गेल्या काही वर्षांतला सगळ्यात हुशार निर्णय वाटतो.

मग स्वीडन. २०२२ च्या मे महिन्यात स्वीडन आणि फिनलंडने नाटोसाठी अर्ज केला. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आत गेला, स्वीडनची फाईल अंकाराने दाबून ठेवली. तुर्की संसदेने २३ जानेवारी २०२४ ला मंजुरी दिली आणि तीन दिवसांत अमेरिकेने २३ अब्ज डॉलरच्या एफ-१६ व्यवहाराला हिरवा कंदील दाखवला. इतका रोखठोक सौदा कूटनीतीत क्वचित दिसतो.

आता मुख्य मुद्दा. २००५ मध्ये युरोपीय संघाशी सदस्यत्वाची बोलणी सुरू झाली तेव्हा युरोप तुर्कस्तानकडे कायद्याचं राज्य मागत होता: न्यायालयं, वृत्तपत्रं, कुर्दांचे हक्क. ट्रम्प परत आल्यावर चित्र पालटलं. अमेरिका आपलं रक्षण करेलच याची खात्री युरोपला उरली नाही, आणि नाटोतलं दुसऱ्या क्रमांकाचं सैन्य तुर्कस्तानकडे आहे. २ मार्च २०२५ ला लंडनला युक्रेनसाठी तातडीची बैठक झाली, तिला परराष्ट्रमंत्री हाकान फिदान होते. त्यानंतर १८ मार्चला इस्तंबूल विद्यापीठाने महापौर एक्रेम इमामोग्लू यांची पदवी रद्द केली (तिथे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला पदवी लागते). १९ ला पहाटे त्यांना घरून उचललं. २३ ला तुरुंगात टाकलं, आणि त्याच दिवशी त्यांचा पक्ष त्यांना राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून निवडत होता. इस्तंबूलच्या सराचहाने चौकात लाखो लोक रात्र-रात्र उभे राहिले. ब्रसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, चिंता व्यक्त केली. पुढे काही नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर अंकाराला गेले आणि २० युरोफायटर टायफून विमानांचा ८ अब्ज पौंडांचा करार करून आले. जर्मनीने ही विक्री आधी अडवून धरली होती, तो अडसर जुलैतच दूर झाला होता. स्टार्मर यांच्या भेटीच्या तोंडावर इमामोग्लूंवर हेरगिरीचा नवा आरोप ठेवला गेला. आरोप काय, तर ब्रिटनशी संबंधित हेरगिरी! आणि ब्रिटनचे पंतप्रधान त्याच दिवसांत अंकाराला हस्तांदोलन करत होते.

मला याचा मनापासून संताप येतो. सराचहानेला उभ्या असलेल्या पोरांना वाटत होतं की युरोप निदान बोलेल. एर्दोगाननी किंमत मागितली, ती युरोपने दिली, पण स्वतःच्या खिशातून नाही. तुर्की मतदाराच्या खिशातून.

मतं वाचायला आवडतील, विशेषतः जे तिकडे राहिलेत किंवा कामानिमित्त जातात त्यांची.

दर्यावर्दी

उत्तम लेख. मी व्यापारी जहाजावर अधिकारी आहे, बॉस्फरसमधून जा-ये होते, म्हणून त्या भागाबद्दल थोडं.

नकाशावर ती एक रेघ दिसते. प्रत्यक्षात साधारण ३० किलोमीटरची वळणावळणाची वाट आहे आणि सगळ्यात अरुंद जागी रुंदी जेमतेम ७०० मीटर. कांदिल्लीच्या वळणावर जहाजाच्या ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथे) कुणी बोलत नाही. वरचा प्रवाह काळ्या समुद्राकडून मारमाराकडे जोरात वाहतो, त्यामुळे दक्षिणेकडे जाताना मागून पाण्याचा रेटा, समोर तीव्र वळण, आणि दोन्ही काठांवर लोकांची घरं. मध्येच प्रवासी फेरीबोटी आडव्या जातात. मोठ्या टँकरला दिवसा आणि एकट्यालाच सोडतात, समोरून वाहतूक बंद ठेवून. त्यामुळे दोन्ही तोंडांशी रांग लागते.

युद्धातही युक्रेनचं धान्य समुद्रमार्गे बाहेर पडू देणारा धान्य करार चालू होता तेव्हा तर इस्तंबूलच्या बाहेर मारमारात जहाजंच जहाजं नांगर टाकून असायची. जुलै २०२२ ते जुलै २०२३. प्रत्येक जहाजावर तपासणी पथक चढायचं, त्यात रशियन, युक्रेनियन, तुर्की आणि राष्ट्रसंघ अशी चारही माणसं एकत्र. एकमेकांशी युद्ध करणाऱ्या देशांचे दोन अधिकारी एकाच शिडीवरून चढून एकाच होल्डमध्ये (जहाजाच्या मालाच्या कोठारात) डोकावतायत, हे दृश्य जगात दुसरीकडे कुठे नव्हतं. त्या वर्षात जवळपास ३.३ कोटी टन माल युक्रेनमधून निघाला. एर्दोगान कसेही असोत, हे काम तेव्हा दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

आणि किंमत वसूल करण्याबद्दल: वाट मोकळी असली तरी दीपगृह, बचाव सेवा वगैरेंची फी असते. तीच ऑक्टोबर २०२२ मध्ये नेट टनामागे ०.८ डॉलरवरून एकदम ४ डॉलर केली. कराराला हात न लावता पाचपट.

चाणाक्ष

लेखातली माहिती पटली, निष्कर्ष नाही पटला. सगळा हिशोबच असेल तर काश्मीरवर तोंड कशासाठी उघडतात? २०१९ ला राष्ट्रसंघाच्या आमसभेत काश्मीर काढलं, त्यातून तुर्कस्तानला काय मिळालं? भारताची बाजारपेठ पाकिस्तानपेक्षा कितीतरी मोठी आहे, हिशोबी माणूस आपल्याशी गोड राहिला असता. २०२० ला इस्तंबूलच्या हागिया सोफिया संग्रहालयाची मशीद केली. हमासच्या नेत्यांना घरी बोलावतात. धर्माच्या नावाने नेतृत्व हवंय, बाकी सगळा मुलामा आहे.

आणि उपकाराची जाण नाही हे वेगळंच. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात आपली एनडीआरएफची पथकं ऑपरेशन दोस्तखाली ढिगारे उपसत होती, आपल्या लष्कराने इस्केंदेरूनला हॉस्पिटल उभारलं होतं. सव्वादोन वर्षांत त्यांचेच ड्रोन आपल्या सीमेवर आले.

मार्केटयार्ड

आमचा फळांचा गाळा आहे पुण्यात. मे २०२५ मध्ये व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घ्यायचं बंद केलं, ते मी जवळून पाहिलं म्हणून लिहितो. देशी माल कमी होत जातो त्या दिवसांत तुर्की सफरचंद चांगला चालायचा. रंग लाल, फळ कडक, पेटीत एकसारखं, किरकोळवाल्याला आवडायचं. बंदीचा सरकारी आदेश वगैरे काही नव्हता. गिऱ्हाईकच विचारायला लागलं, "हे तुर्कीचं नाही ना?" आणि तुर्कीचं म्हटलं की हात मागे. मग हिमाचल, उत्तराखंड, इराणचा माल. ज्यांचे कंटेनर आधीच वाटेत होते त्यांना फटका बसला.

मला एवढंच विचारायचंय की आमच्या या न घेण्याने अंकाराला काही फरक पडतो का? भावनेचा भाग सोडून खरं सांगा.

कृष्णाकाठ

मार्केटयार्ड, खरं सांगायचं तर अंकाराच्या धोरणावर फारसा नाही. भारत-तुर्कस्तान व्यापारात आपलीच निर्यात आयातीपेक्षा जास्त आहे, त्यामुळे व्यापार पूर्ण तोडायला निघालो तर आपल्याही निर्यातदारांना झळ बसते. जास्त लागलं ते चेलेबीचं. मुंबई-दिल्लीसारख्या विमानतळांवर सामान आणि विमानं हाताळणारी त्यांची कंपनी, तिची सुरक्षा मंजुरी १५ मे २०२५ ला रद्द झाली. पण सफरचंद घ्यायचं की नाही हा तुमचा आणि गिऱ्हाईकाचा हक्क आहे, त्याला परिणामाचं माप लावायलाच हवं असं नाही.

चाणाक्ष, श्रद्धा खोटी आहे असं मी म्हणत नाही. श्रद्धा आणि व्यवहार समोरासमोर आले की कोण माघार घेतं, ते बघा. २०१३ ला इजिप्तमध्ये लष्करप्रमुख सिसींनी मुस्लिम ब्रदरहूडचं सरकार उलथवलं तेव्हा एर्दोगान वर्षानुवर्षं त्यांचं तोंड पाहायला तयार नव्हते. फेब्रुवारी २०२४ ला स्वतः कैरोला गेले, सप्टेंबरात सिसी अंकाराला आले. सौदी पत्रकार खशोगींचा खून इस्तंबूलमध्ये झाला, तो खटला २०२२ मध्ये तुर्की न्यायालयाने सौदीकडे सोपवला, कारण लीरा कोसळत होता आणि आखाती पैसा हवा होता. त्या वर्षी महागाई अधिकृत आकड्यानेच ८५ टक्क्यांवर गेली होती. गाझासाठी मे २०२४ मध्ये इस्रायलशी व्यापार थांबवला, पण बाकूहून निघणारं अझरबैजानचं तेल तुर्कस्तानच्याच जेहान बंदरात येऊन टँकरमध्ये भरलं जातं आणि त्यातलं इस्रायललाही पोचतं म्हणून तुर्कस्तानातलेच लोक निदर्शनं करत होते. चीनमधले उइगूर मुस्लिम तर तुर्की वंशाचे, त्यांच्याबद्दलचा आवाज चीनसमोर किती खाली आला ते दिसतंच.

पाकिस्तानचं नातं जुनं आहे. १९७४ ला सायप्रसवर सैन्य उतरवलं तेव्हा तुर्कस्तानच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या मोजक्या देशांत पाकिस्तान होता. आज पाकिस्तान हा तुर्की शस्त्रांचा मोठा गिऱ्हाईक आहे, २०१८ ला चार युद्धनौकांचा करार झाला. अझरबैजानला साथ म्हणून पाकिस्तानने आर्मेनियाला २०२५ पर्यंत मान्यता दिली नव्हती. आपण आर्मेनियाला पिनाका आणि आकाश विकतो, पंतप्रधान मोदी जून २०२५ ला सायप्रसला जाऊन आले. तेही हिशोबच करतायत, आपणही करतोय. मला त्यात गैर वाटत नाही. ऑपरेशन दोस्तबद्दल मात्र तुमच्याइतकंच वाईट मलाही वाटतं. पण ते हॉस्पिटल तिथल्या हाताय प्रांतातल्या लोकांसाठी होतं, आणि ते उभारलं हे योग्यच केलं.

राइनकाठी

मी बरीच वर्षं जर्मनीत आहे. युरोपच्या मौनाचं कारण फक्त रशिया नाही हो. तुम्ही निर्वासितांचा मुद्दा जवळजवळ सोडूनच दिलात आणि इथल्या घराघरात तोच पहिला येतो.

१८ मार्च २०१६ च्या करारात युरोपने तुर्कस्तानला ६ अब्ज युरो कबूल केले आणि बदल्यात तुर्कस्तानने ग्रीसकडे येणाऱ्या होड्या रोखायच्या ठरल्या. एकेकाळी तिथे ३७ लाखांच्या आसपास सीरियन होते. तेव्हापासून अंकाराबद्दल कुठलाही जर्मन नेता काही कडक बोलायच्या आधी या आकड्याचा विचार करतो. फेब्रुवारी २०२० ला एर्दोगाननी "दारं उघडली" म्हणताच ग्रीसला लागून असलेल्या एद्रिनेच्या सीमेवर निर्वासितांचं काय झालं ते इथे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर उजव्या पक्षांची मतं कशी वाढत गेली तेही. म्हणजे ट्रम्प यायच्या बऱ्याच आधी युरोपने आपली मानवी हक्कांची भाषा गहाण टाकली होती.

आणि एक गोष्ट इथल्या तुर्की शेजाऱ्यांकडून कळते. मे २०२३ च्या दुसऱ्या फेरीत जर्मनीतल्या मतदान केलेल्या तुर्कांपैकी ६७ टक्क्यांनी एर्दोगानना मत दिलं. आमच्या इमारतीतल्या आजी, ज्या साठच्या दशकात नवऱ्यामागून इथे आल्या, त्यांना लोकशाहीवर प्रश्न विचारला की त्या म्हणतात, "आम्हाला इथे कुणी माणूस समजत नव्हतं. तो बोलतो तेव्हा आम्ही ताठ मानेने चालतो." त्यांची नात इमामोग्लूच्या सुटकेसाठी बॅनर घेऊन उभी असते. दोघी एकाच टेबलावर चहा पितात आणि त्या विषयावर बोलत नाहीत. मला नात बरोबर वाटते, पण आजीचं म्हणणं ऐकल्याशिवाय हे परराष्ट्र धोरण देशात इतकं लोकप्रिय का, ते कळणार नाही.

कृष्णाकाठ

राइनकाठी, फार महत्त्वाचा प्रतिसाद, धन्यवाद. निर्वासितांशिवाय सीरियाचं प्रकरण समजत नाही. ८ डिसेंबर २०२४ ला असद पळाला आणि चारच दिवसांनी तुर्की गुप्तचर प्रमुख इब्राहिम कालिन दमास्कसच्या उमय्याद मशिदीत नमाज पढताना दिसले. तुर्कस्तानने तेरा वर्षं तिथे पैसा, माणसं आणि बरीच बदनामी गुंतवली होती. त्यानंतर काही लाख सीरियन परत गेलेत, म्हणजे एर्दोगानचा देशांतर्गत ताणही हलका झाला. ट्रम्प तर जाहीरपणे म्हणाले की सीरियाची किल्ली तुर्कस्तानकडे आहे.

पण तिथे आता समोर इस्रायल आहे. एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला इस्रायलने होम्सजवळच्या टी-४ तळावर बॉम्ब टाकले, तिथे तुर्की सैन्य येणार अशी चर्चा होती. मग दोघांचे अधिकारी बाकूला भेटले, चुकून टक्कर होऊ नये म्हणून. रशियाशी जे जमलं, म्हणजे एकीकडे भांडण आणि दुसरीकडे व्यवहार, ते इस्रायलशी जमेल का याची मला शंका आहे. रशियाला तुर्कस्तानची गरज होती. इस्रायलला तेवढी नाही, आणि वॉशिंग्टनमध्ये त्याचं वजन जास्त आहे.

पंचगंगा

एक प्रश्न. एस-४०० आपणही घेतली. २०१८ चा करार, साडेपाच अब्ज डॉलरच्या आसपास. आपल्यावर अमेरिकेचे निर्बंध नाहीत आणि तुर्कस्तानवर डिसेंबर २०२० ला लावले. हे कसं? आणि एवढे ड्रोन बनवणाऱ्या देशाला लढाऊ विमानं बाहेरून का घ्यावी लागतात?

कृष्णाकाठ

पंचगंगा, आपण नाटोत नाही आणि एफ-३५ आपल्याला मिळणारच नव्हतं. तुर्कस्तान त्या विमानाचे सुटे भाग बनवत होता, त्याचे वैमानिक अमेरिकेत शिकत होते. एफ-३५ चं रडारवरचं रूप रशियन यंत्रणेच्या शेजारी ठेवलं तर ते उघड होईल, ही अमेरिकेची भीती होती. शिवाय चीनसमोर आपली गरज आहेच.

दुसऱ्या प्रश्नात त्यांच्या स्वावलंबनाची मर्यादा आहे, आणि ती इंजिनांपाशी येते. काराबाखच्या लढाईत टीबी-२ वर कॅनडाचे कॅमेरे सापडले तसा कॅनडाने पुरवठा थांबवला. अल्ताय रणगाड्याला जर्मन इंजिन मिळेना म्हणून कोरियाकडे जावं लागलं. कान हे त्यांचं नवं लढाऊ विमान फेब्रुवारी २०२४ ला उडालं, इंडोनेशियाने ४८ घ्यायचं ठरवलंय, पण त्यात जनरल इलेक्ट्रिकचं एफ-११० इंजिन आहे आणि त्याचा परवाना अमेरिकन काँग्रेसपाशी अडकलाय, हे सप्टेंबर २०२५ मध्ये खुद्द फिदाननीच सांगितलं. त्याच आठवड्यात एर्दोगान व्हाइट हाउसमध्ये होते आणि टर्किश एअरलाइन्सने बोइंगची सव्वादोनशे विमानं घ्यायची तयारी दाखवली. तेजसच्या इंजिनांची वाट बघणाऱ्या आपल्याला ही अडचण समजायला जड जाऊ नये.

चाणाक्ष

इजिप्त आणि खशोगीच्या उदाहरणांनी माझं मत थोडं हललं, काश्मीरवर मात्र ठाम आहे. दर्यावर्दींना विचारायचं होतं: इस्तंबूल कालवा झाला तर मॉन्ट्रो करार निकालात निघेल असं वाचलं होतं. खरं का?

दर्यावर्दी

निकालात निघणार नाही, पण वाद नक्की होईल. एर्दोगाननी कालवा २०११ ला जाहीर केला, काळा समुद्र ते मारमारा, बॉस्फरसच्या पश्चिमेला. सरकारचं म्हणणं की करार सामुद्रधुनीचा, कालव्याला लागू नाही. पण कालव्यातून मारमारात आलेल्या जहाजाला पुढे दार्दानेल्स ओलांडावीच लागते, आणि तिथे करार आहेच. व्यापारी कंपन्यांच्या दृष्टीने तर फुकटची वाट सोडून पैसे देऊन कालव्यातून कोण जाईल, हा साधा प्रश्न आहे. वाट बघण्याचा खर्च फारच वाढवला तरच.

यात एक गोष्ट कृष्णाकाठ यांच्या मुद्द्याशी जोडलेली आहे. एप्रिल २०२१ मध्ये १०४ निवृत्त ॲडमिरलनी पत्रक काढलं की मॉन्ट्रोला हात लावू नका. त्यातल्या काहींना पहाटे घरून उचललं, उठावाचा वास येतो म्हणून. खटला चालला, शेवटी निर्दोष सुटले. आणि वर्षभरात युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा सरकार त्याच कराराचा आधार घेऊन जगाची शाबासकी मिळवत होतं. कालव्याला इस्तंबूलमधून सगळ्यात मोठा विरोध करणारे, तुमच्या लेखातले महापौर इमामोग्लूच.

कृष्णाकाठ

हे ॲडमिरलांचं प्रकरण लेखात घ्यायलाच हवं होतं, बरं झालं तुम्ही लिहिलंत. नाटोची पुढची शिखर परिषद २०२६ च्या जुलैत अंकाराला ठरली आहे. सगळे पाश्चात्त्य नेते तिथे एका रांगेत उभे राहतील तेव्हा त्यातला कोण इमामोग्लूंचं नाव काढतो, ते मी बघणार आहे. कुणी काढलं तर याच धाग्यावर लिहीन.